नाना, आता तरी भरीत खायला या

ती. नाना,
सा. नमस्कार.

या महिनाअखेर तुम्ही सरकारी कचेरीतून निवृत्त होताय हे कळलं आणि आई म्हणाली, "तू लिही, खाली सही मी करते." म्हणून हे पत्र, चारचौघांत.

वडील गेले 2014 च्या उन्हाळ्यात. मी तेव्हा अकरावीत होतो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन आम्ही आधी जिथे गेलो, तिथे आतून आवाज आला, "निराधारवाल्या बाया तिकडे उभ्या राहा." आई तोंडावर पदर ओढून उन्हात उभी राहिली. परतताना एसटीत एवढंच म्हणाली, "मी निराधार कशी? तू आहेस ना." पुढचे दोन महिने तिने तो कागद पेटीतून काढलाच नाही.

मग शेजारच्या काकूंनी तिला ओढतच तुमच्या टेबलाशी आणलं. तुम्ही खुर्ची सरकवली आणि म्हणालात, "बठ माय, पहिले पानी पी." आपली अहिराणी कानावर पडली तशी आई जरा सैलावली.

पतीच्या मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, 21,000 रुपयांच्या आतला उत्पन्नाचा दाखला. कोणता कागद कुठे मिळेल, हे सगळं तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहून दिलंत. एका चकरेला कापूस वेचणीची एक दिवसाची मजुरी बुडते, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही. सहीच्या वेळी कुणीतरी शाईचं पॅड पुढे केलं. तुम्ही ते बाजूला सारून पेन दिलंत. साक्षरता वर्गात शिकलेलं आपलं नाव लिहायला आईला केवढा वेळ लागला! मागे रांग चुळबुळत होती. तुम्ही रांगेला थांबायला सांगितलंत, आईला घाई केली नाही. त्या दिवशी घरी येऊन तिने पाटीवर पुन्हा चारदा नाव लिहिलं.

महिन्याला 600 रुपये सुरू झाले. 2019 ला त्याचे 1,000 झाले, 2023 ला 1,500. माझं कॉलेज संपेपर्यंत घरचं तेल-मीठ त्यातूनच आलं. पैसे सरकारचे, पण आईने ते मान वर करून घेतले ते तुमच्यामुळे, असं मी ठामपणे म्हणतो. दरवर्षी हयातीच्या दाखल्याला ती नवं लुगडं नेसून यायची. अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांसाठी तर तुम्ही रविवारी स्वतःच्या गाडीवर गावोगाव फिरायचात.

पहिला हप्ता मिळाल्यावर आई ओल्या शेंगांचं गाठोडं घेऊन आली होती. ते नुसतंच परत केलं असतंत तर तिला लागलं असतं. तुम्ही मूठभर शेंगा घेतल्या, शिपाईमामांना दिल्या, दोन स्वतः फोडल्या आणि म्हणालात, "बाकीच्या पोराला. नोकरीत आहे तोवर एवढंच."

नोकरी आता संपतेय, नाना. आईचा निरोप आहे: थंडी पडली की भरताची वांगी कपाशीच्या वाळल्या काट्यांवर भाजते, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी टाकते. घरातल्यांना घेऊन या. गाठोडंही बांधून ठेवणार आहे.

तुमचा,
अकरावीतला तो मुलगा

(खाली आईची सही आहे. तिने स्वतः केलेली.)