पेस्ट कंट्रोल ठरवताना भाव शेवटी विचारा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळीची साफसफाई जवळ आली की सोसायटीच्या लेटरबॉक्समध्ये पेस्ट कंट्रोलची पत्रके पडू लागतात. वन बीएचकेला इतके, टू बीएचकेला इतके, वास नाही, वर्षाची गॅरंटी. कीड कोणती, हे त्यात कुठेच नसते आणि आपणही फोनवर फक्त भाव विचारतो. घर न बघता जो दर सांगतो त्याला काम देऊ नये, असे या कामाची माहिती असलेल्या आम्हा काही वाचकांचे स्पष्ट मत आहे. झुरळ, ढेकूण आणि वाळवी यांची औषधे वेगळी, कामाची पद्धतही वेगळी.

स्वयंपाकघरातले लहान, तपकिरी, मानेमागे दोन काळ्या रेघा असलेले झुरळ घ्या. त्याची मादी ३०-४० अंड्यांची पिशवी पिल्ले बाहेर पडेपर्यंत अंगावरच बाळगते आणि पिशवीतल्या अंड्यांपर्यंत फवारा पोचत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी हवीच. ती भावात धरली आहे का, ते आधी विचारा. या झुरळावर जेल, म्हणजे झुरळांनी खायचे विषारी आमिष, चांगले चालते, पण ते मुगाच्या दाण्याएवढ्या ठिपक्यांनी ट्रॉलीच्या बिजागऱ्यांत, सिंकखाली, फ्रिजच्या मोटरजवळ लागले पाहिजे. चार मोठे गोळे उघड्यावर लावून गेले तर ते वाळतात आणि झुरळे त्यांना तोंड लावत नाहीत. सगळ्यात मोठी चूक म्हणजे जेल लावून त्यावरच फवारणी करणे. फवाऱ्यामुळे झुरळे त्या जागेपासून लांब राहतात आणि जेलचे पैसे वाया जातात. दुसऱ्या दिवशी फिनेलने ट्रॉल्या पुसल्या तरी हेच होते.

वाळवीच्या कामात फसवणूक जास्त, कारण ती लवकर कळत नाही. दाराच्या चौकटीवर नुसती फवारणी केली की दिसणारी वाळवी मरते. जमिनीतली वसाहत तशीच राहते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. बांधलेल्या घरासाठी भारतीय मानक ६३१३, भाग ३ आहे. त्यानुसार तळमजल्यावर भिंत आणि फरशीच्या सांध्यात १२ मिमीची भोके ३०-३० सेंमीवर पाडून, प्रत्येकात शोषले जाईल तितके, जास्तीत जास्त एक लिटर, द्रावण सोडायचे असते. १० फुटी भिंतीला साधारण १० भोके, म्हणजे १० लिटरपर्यंत द्रावण. अख्ख्या घरासाठी कुणी पाच लिटरचा एकच डबा घेऊन आला, तर हिशेब तिथेच मांडावा. वाळवीचे औषध इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर एका लिटर पाण्याला २.१ मिली लागते. क्लोरपायरीफॉस २० टक्के असेल तर एक भाग औषधाला १९ भाग पाणी. बाटली आपल्यासमोर उघडायला लावा, मापाने ओतायला सांगा. ड्रिल लावण्याआधी भिंतीतले नळ आणि वायरिंग कुठून गेले आहे ते दाखवा. वरच्या मजल्यावर निघालेली वाळवी बहुधा डक्टमधून चढलेली असते. तेव्हा एका फ्लॅटचे काम करून भागत नाही, सोसायटीला तळापासून करून घ्यावे लागते.

ढेकणांना गादी-पलंगाच्या फटींत १०-१५ दिवसांच्या अंतराने किमान दोन फवारण्या आणि चादरी-उशांच्या अभ्र्यांची ६० अंशांच्या पाण्यात धुलाई लागते. इथे सर्वांना कळकळीने सांगायचे आहे: ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी कुणी घरात गोळ्या ठेवून 'खोली बंद करून जा' म्हणत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सुटतो. तो डक्टमधून, खिडक्यांच्या फटींतून शेजारच्या घरात शिरतो आणि त्यावर उतारा नाही. शासनमान्य तज्ज्ञाच्या देखरेखीखाली गोदामात वापरायची वस्तू आहे ती. झोपायच्या खोलीत तिला जागा नाही. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावरही ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. 'जुना माल आहे, जोरदार चालतो' हे ऐकून घेऊ नका.

कंपनी पारखायची ती कागदावर. कीटकनाशक कायदा १९६८ आणि नियम १९७१ खाली पेस्ट कंट्रोलच्या व्यवसायाला वेगळा परवाना लागतो. गुमास्ता किंवा जीएसटी क्रमांक म्हणजे तो परवाना नव्हे. परवान्यावरचे नाव बिलावरच्या नावाशी जुळते का, ते बघा. बिलावर किडीचे नाव, औषधाचे नाव आणि टक्केवारी, फेऱ्यांच्या तारखा आणि गॅरंटीत नेमके काय, हे लिहून घ्या. 'हर्बल' एवढेच लिहिले असेल तर काहीच लिहिलेले नाही असे समजा. बाटलीच्या लेबलचा, त्यावरच्या विषारीपणा दाखवणाऱ्या रंगीत त्रिकोणासह, फोटो काढून ठेवा. कुणाला मळमळ किंवा चक्कर आली तर डॉक्टर पहिल्यांदा औषधाचेच नाव विचारतील. घरात दमेकरी, तान्हे मूल, मांजर किंवा माशांची टाकी असेल तर आधीच सांगा. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेतू शकते आणि टाकी झाकून तिचा हवेचा पंप काही तास बंद ठेवावा लागतो.

प्रत्येक ग्राहकाने हे सगळे एकट्याने तपासावे, ही अपेक्षा मोठी आहे. कृषी विभाग आणि महापालिकांनी मिळून परवानाधारकांची अद्ययावत यादी प्रत्येक वॉर्ड ऑफिसात मराठीत लावावी आणि दिवाळीआधी सोसायट्यांना पाठवावी, ही आमची मागणी आपल्या पत्रातून संबंधितांपर्यंत पोचावी, ही विनंती.

आपले,
काही वाचक, ठाणे