सहा चाळीसची गाडी

संपादक महोदय,

धाकट्या मुलीचं लग्न होऊन आठवडा झाला. तेव्हापासून फोनवर दोनच प्रश्न येतात : पत्रिकेची कल्पना कुणाची, आणि लग्नाला आलेल्या पुढारी साहेबांचा सत्कार का केला नाही? दोन्हींचं उत्तर एकदाच इथं देतो.

मी एसटीत चौतीस वर्षं वाहक होतो. मुलीचं कॉलेज पासावर झालं. जावयाची नि तिची ओळखही तासगाव-सांगली गाडीतलीच. (गाडीवर पुष्कळदा माझीच ड्यूटी असायची म्हणे. हे मला साखरपुड्यात कळलं.) इव्हेंटवाल्याच्या वहीत थीम म्हणून राजवाडा होता नि समुद्रकिनारा होता. मे महिन्यात, तासगाव तालुक्यात, समुद्रकिनारा! मुलगी म्हणाली, आपण एसटीच करू.

पत्रिका जुन्या तिकिटासारखी छापली. एसटीच्या भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा. माहेर ते सासर अठरा, म्हणून तीन टप्पे. माझा पंच खात्यात कधीच जमा झालेला. जुन्या बाजारातून दुसरा मिळवला आणि अडीचशे पत्रिकांना भोकं मी स्वतः पाडली. चार दिवस घरात टिकटिक. बायको म्हणाली, "तुम्ही निवृत्त झालाय ना?" वऱ्हाडाला प्रासंगिक करारावर लाल गाडी घेतली. एसी ट्रॅव्हल्स हवी म्हणून नाक मुरडणारी पोरं परतताना डबल बेल मारायला भांडत होती.

आता वेळेचं. गुरुजींनी आधी दुपारी साडेबाराचा मुहूर्त काढला होता. थोरलीचं लग्न त्याच वेळी, पत्र्याच्या कार्यालयात केलं होतं. चार पुढाऱ्यांचे सत्कार, प्रत्येकाचे शुभाशीर्वाद, अक्षता पन्नास मिनिटं उशिरा, आणि माझी आई भोवळ येऊन पडलेली. म्हणून या खेपेला गोरज, सहा चाळीस. मेहुण्यांच्या मळ्यात, आंब्याखाली मांडव. फोटोवाल्याला द्राक्षबाग हवी होती. पण खरड छाटणी झालेल्या बागेत नुसत्या काड्या, सावली कसली? दुपारी जमिनीवर पाणी मारलं. वळीव आलाच तर म्हणून शेजारचं रिकामं झालेलं बेदाण्याचं शेड झाडून ठेवलं. तिकिटावरच छापलं होतं : सुती कपड्यांत या, आहेर आणू नये. नवरदेवही साध्या सदऱ्यात. आल्याआल्या पन्हं आणि भडंग. जेवायला खपलीची खीर, मसालेभात, वांग्याची भाजी, मठ्ठा. माइक ठेवलाच नाही. मंगलाष्टकं म्हणताना गुरुजींचा घसा बसला, एवढी एक चूक कबूल.

पुढच्या दोन ओळींतल्या खुर्च्यांवर पाट्या होत्या : 'ज्येष्ठ नागरिक व महिलांसाठी राखीव'. साहेब आले सहा पन्नासला, तेव्हा अक्षता पडून गेलेल्या. ते मागं बसले, खीर मागून घेतली, जोडप्याला आशीर्वाद देऊन गेले. राग आला तो त्यांच्यामागून आलेल्यांना. त्यातल्या एकानं मला विचारलंही, "दहा मिनिटं थांबला असता तर काय बिघडलं असतं?"

गाडी कुणासाठी थांबवायची, हे मला शिकवू नये. एखादी म्हातारी गाठोडं घेऊन हात करत पळत येताना दिसली, की मी बेल मारून गाडी थांबवली आहे आणि उशिराबद्दल डेपोतल्या साहेबांची बोलणीही खाल्ली आहेत. शाल-श्रीफळासाठी थांबवणार नाही.

पंच टेबलावरच पडून आहे. पुढच्या मोसमात कुणाला पत्रिकांसाठी हवा असेल तर घेऊन जा. परत मात्र आणून द्या.

आपला,
एक निवृत्त वाहक, सांगली