लाइटवाल्या मित्रास, लंडनच्या नाटकांबद्दल

लीड्स,
ऑक्टोबर, सोमवार रात्र

प्रिय मंद्या,

‘लंडनला जाऊन आलीस ना? लाइट्स कसे होते?’ एवढाच तुझा मेसेज. नाटक कसं होतं, नट कसे होते, तू कशी आहेस, काही नाही. तर ऐक. मला सगळ्यात आवडलेल्या प्रयोगात लाइट्स नव्हतेच. फोनवर हे सांगितलं असतं तर पुढचा अर्धा तास तूच बोलला असतास, म्हणून लिहून पाठवतेय.

शुक्रवारी संध्याकाळी कोचने, म्हणजे लांब पल्ल्याच्या बसने, निघाले. ट्रेन सव्वादोन तासांत लंडनला पोचवते, कोचला त्याच्या दुप्पट वेळ लागतो, पण ऐनवेळी काढलेल्या ट्रेनच्या तिकिटात माझा आठवड्याचा किराणा येतो. व्हिक्टोरियाला अनू आणि बारक्या घ्यायला आले होते. बारक्या अजून तसाच आहे, भूक लागली की भांडतो. दोघं ईस्ट हॅमला एकाच घरात खोल्या घेऊन राहतात. मी अनूच्या खोलीत, जमिनीवर गादी टाकून. कुणाचं लग्न ठरलं, कोण नाटक सोडून बँकेत चिकटलं, यातच मध्यरात्र उलटली. तुझाही विषय निघाला होता. तपशील भेटल्यावर.

शनिवारी दुपारी ग्लोब थिएटर. थेम्सच्या दक्षिण काठावर, शेक्सपिअरच्या मूळ ग्लोबच्या जागेपासून दोन-अडीचशे मीटरवर. मूळ थिएटर १५९९ चं. १६१३ मध्ये प्रयोग चालू असताना तोफेचा बार काढला, ठिणगी गवताच्या छपरात गेली आणि अख्खं थिएटर खाक झालं. माणसं वाचली. एकाच्या विजारीने पेट घेतला होता, ती म्हणे बाटलीतल्या बिअरने विझवली. (इफेक्ट्सवाल्यांचा अतिउत्साह किती जुना आहे बघ.) आत्ताचं थिएटर सॅम वॉनमेकर या अमेरिकन नटाच्या हट्टातून उभं राहिलं. १९४९ मध्ये तो ग्लोब बघायला म्हणून आला, तर एका ब्रूअरीच्या भिंतीवर नुसती पाटी! पुढे कित्येक वर्षं त्याने पैसे आणि परवानग्या यांच्यामागे घालवली. १९९३ मध्ये तो गेला आणि थिएटर उघडलं १९९७ मध्ये. लंडनच्या १६६६ च्या आगीनंतर शहरात गवती छपराला परवानगी मिळाली ती पहिल्यांदा या इमारतीला. आता छपरावर पाण्याचे फवारे बसवलेले आहेत.

आत गेलं की वाड्याच्या चौकात आल्यासारखं वाटतं. भोवती तीन मजली सज्जे, मध्ये उघडी जागा आणि तिच्यात घुसलेलं स्टेज. उघड्या जागेत प्रेक्षक उभे. उभ्याचं तिकीट ५ पौंडांपासून मिळतं आणि माझ्या मते तीच थिएटरमधली सगळ्यात चांगली जागा. लवकर पोचलात तर कोपर थेट स्टेजवर टेकवता येतं. नियम दोनच लक्षात ठेवायचे: प्रयोग चालू असताना खाली बसायचं नाही आणि छत्री उघडायची नाही. पाऊस आला तरी प्रयोग चालूच. आला, अर्थात. अनू रेनकोट विसरली होती आणि मध्यंतरापर्यंत माझ्याशी बोलत नव्हती, जणू ढग मी आणले होते.

नाटक होतं शेक्सपिअरचं ‘ट्वेल्फ्थ नाइट’. आता तुझा मुद्दा. दिवसाढवळ्या प्रयोग, तोच उजेड नटांवर आणि तोच आमच्यावर. संध्याकाळच्या प्रयोगाला फ्लडलाइट लावतात, तेही स्टेजवर आणि प्रेक्षकांवर सारखेच पडतात. ठरल्या क्षणी उजेड बदलायचा क्यू नाही, हळूहळू मंदावणारा फेड नाही, एकदम अंधार करणारा ब्लॅकआउट नाही. माल्व्होलिओ हा कारभारी. मालकिणीचं आपल्यावर प्रेम आहे असं वाटायला लावणारं बनावट पत्र त्याला सापडतं, तो प्रवेश चालू होता. वाचता वाचता तो थांबला आणि पुढे उभ्या असलेल्या आम्हा एकेकाकडे बघू लागला, खरं असेल का हो हे, अशा चेहऱ्याने. माझ्या शेजारच्या भिजलेल्या आजोबांनी गंभीरपणे मान डोलावली आणि सगळं थिएटर फुटलं. तो नट हशा ओसरेपर्यंत थांबला, कारण त्याला तो हशा चेहऱ्यांवर दिसत होता. अंधारातल्या प्रेक्षकांचा नट आवाजावरून अंदाज घेतो. इथे त्याला चेहरे वाचता येतात. आणि मलाही समोरच्या सज्जातली माणसं हसताना दिसतात, म्हणून मी आणखी हसते.

कुठे बघायचं ते एरवी तू मला स्पॉट टाकून सांगतोस. इथे ते काम नटाचं. आवाजाने, चालण्याने, नजरेने त्याने मला ओढून घ्यायचं. तो जरा ढिला पडला की लोक वरून जाणारं हेलिकॉप्टर बघायला मोकळे.

रात्री त्याच पायांवर ‘द माउसट्रॅप’, अगाथा ख्रिस्तीचं खुनाचं रहस्यनाटक. बारक्या नव्हता, त्याची शिफ्ट होती. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, ते तो शनिवार-रविवारात बसवतो. हे नाटक १९५२ पासून चालू आहे, सेंट मार्टिन्स थिएटरात १९७४ पासून. मोठा खंड पडला तो कोरोनातच. प्रवेशदालनात प्रयोग क्रमांकाचा लाकडी फलक आहे. आपल्याकडे जाहिरातीत पाचशेवा प्रयोग छापून आला की आपण कॉलर ताठ करतो. तिथला पाच आकडी क्रमांक बघून मी गप्प बसले. शेकोटीवरचं घड्याळ पहिल्या प्रयोगापासूनचं आहे. खरं सांगू का, नाटकालाही त्या घड्याळाइतकंच वय झालंय. पण एका क्षणी रंगमंचावर एकदम अंधार होतो, आणि तिथे तू जिंकलास. तो अंधार नसता तर खूनच झाला नसता.

रविवारी सकाळी प्रिमरोझ हिलजवळ १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये शिकत असताना बाबासाहेब इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घर घेतलं. बारक्या शिफ्टवरून न झोपता थेट तिथे आला होता आणि तासभर एक शब्द बोलला नाही. मग बाहेर येऊन भूक लागली म्हणून भांडला.

आता माझं एक ऐक. डिसेंबरच्या एकांकिकेची एक रनथ्रू, म्हणजे सलग तालीम, दुपारी, तालमीच्या हॉलच्या खिडक्या सताड उघड्या ठेवून करा. वीस-पंचवीस माणसं बोलाव, त्यांना तिन्ही बाजूंनी उभं कर. तू उजेड कमी-जास्त करायच्या डिमरला हात लावू नकोस. वही घेऊन त्यांच्यात उभा राहा आणि कोण कधी कुठे बघतंय ते लिहून काढ. जिथे नजर आपोआप जाते तिथला क्यू काढून टाक, जिथे भरकटते तिथे ठेव. दिग्दर्शक ओरडला तर माझं नाव सांग.

तुझी,
ऋता