दोन आजार, दोन वेगळ्या वाटा

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न.

बाबा, हे पत्र आधी तुम्ही वाचा. काही निसटलं तर पुन्हा वाचा. आजार तुमचा आहे, तेव्हा तो सर्वात आधी तुम्हाला कळायला हवा.

पाठीतून काढलेल्या पाण्यात ॲमिलॉइड बीटा ४२ हे प्रथिन कमी आणि टाऊ हे प्रथिन जास्त निघालं. ही अल्झायमरची सुरुवात आहे. पण तो वर्षानुवर्षं, सावकाश सरकतो. गणपतीपर्यंत पेन्शनचा हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाला दिवाळीत राजवाड्याहून रामबागेत घरी यायचा रस्ता आठवू नये, हा वेग त्याचा नव्हे. त्यात तोंडाची एक बाजू आणि त्याच बाजूचा हात क्षणभर आखडायचा, दिवसातून कितीतरी वेळा. रक्तातलं सोडियमही उतरलेलं. अखेर एलजीआय १ च्या अँटीबॉडी सापडल्या. म्हणजे शरीराची रोगाशी लढणारी फौजच मेंदूतल्या एका प्रथिनावर उलटली आहे, आणि त्यानं मेंदूला सूज आली आहे. या दुसऱ्या आजारावर औषध आहे. फिटच्या गोळ्यांना न जुमानणारं ते आखडणं स्टेरॉइडनं थांबलं, हे तुम्ही दोघांनी पाहिलंच आहे.

आई, "आता वयच झालं" असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नकोस. वयानं हात असा आखडत नाही. आणि बाबा किल्ल्यांवरून तुझ्यावर ओरडले, ते मनात ठेवू नकोस गं. मेंदूला सूज असली की असा संशय येतो. चाळीस वर्षं सगळ्या किल्ल्या तुझ्याच कमरेला होत्या, त्यांनी कधी मोजल्या होत्या का?

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "मी वेडा होतोय का?" नाही, बाबा. सूज उतरेल तसं बरंच काही परत येईल. सगळं येणार नाही. अल्झायमर राहणारच, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही.

स्टेरॉइड मात्र मनानं बंद करायचं नाही. डॉक्टर सांगतील तसंच हळूहळू उतरवायचं. गोळी सकाळीच घ्या, रात्री झोप लागेल. साखर वाढते, म्हणून पोह्यांसोबतची जिलेबी सध्या नको. सोडियमची तपासणी चुकवू नका. हात पुन्हा आखडला तर आई, मोबाइलवर व्हिडिओ घे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो.

घराचे कागद आणि बँकेतली नावं यांचं काय करायचं, ते बाबा, तुम्हीच ठरवा, आणि आत्ताच ठरवा. मी पुढच्या आठवड्यात येतेय. तिघं मिळून बँकेत जाऊ.

तुमची लेक