घोड्याला दोन दारं कशाला?

संपादक महोदय,

२२ सप्टेंबर २०२५ पासून घोड्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बरीच चेष्टा झाली. गाढवाला आणि खेचराला कर नाही आणि घोड्याला आहे, तर वरात आता गाढवावरून काढा, वगैरे. चेष्टेचं काही नाही, मीही हसलो. पण परदेशातून घोडा आणणाऱ्याला कर हा सगळ्यात सोपा भाग असतो. किती भरायचा ते ठरलेलं, भरला की सुटलो. त्याच्या आधी परवान्याचं जे रामायण घडतं त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

माझी नोकरी सगळी क्लिअरिंग एजंटाकडे, म्हणजे आयातीचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्याकडे झाली. (आता त्याला कस्टम्स ब्रोकर म्हणायचं.) बहुतेक वर्षं सहारच्या एअर कार्गोवर. यंत्रांचे सुटे भाग, रसायनं, औषधं हा रोजचा माल, आणि मधूनच पुण्याकडच्या एखाद्या स्टड फार्मची (घोड्यांच्या पैदाशीच्या फार्मची) घोडी किंवा वळू घोडा. ऑफिसात घोड्याची फाइल आली की बाकीचे काढता पाय घेत, म्हणून ती माझ्या टेबलावर येऊन पडे.

व्यवस्था अशी आहे. आयात धोरणाच्या यादीत जिवंत घोडा ‘रिस्ट्रिक्टेड’ सदरात मोडतो. म्हणजे बंदी नाही, पण परवान्याशिवाय आणताही येत नाही. परवाना देतं विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी. अर्ज आता ऑनलाइन जातो, दिल्लीत एक्झिम फॅसिलिटेशन कमिटीपुढे येतो. या कमिटीपुढे घोड्याच्या मागेपुढे काय काय असतं ते बघण्यासारखं आहे. कुणाचं रसायन, कुणाचं जुनं यंत्र, कुणाचं आणखी काही. तिथे बसलेल्या अधिकाऱ्याला घोड्यातलं कळावं अशी अपेक्षाच चूक आहे. म्हणून ते पशुसंवर्धन खात्याचं मत मागवतात. त्या देशात कोणते रोग आहेत, कोणत्या चाचण्या लागतील, जनावर येऊ द्यावं की नाही, हे सगळं ते खातं बघतं आणि शिफारस करतं. मग शिफारशीवरून डीजीएफटी परवाना काढतं. निर्णय एका खात्याचा, सही दुसऱ्याची. अर्जदार मात्र दोन्हीकडे तेच कागद पुरवत बसतो, आणि एकीकडून क्वेरी आली की दुसरीकडची फाइल आपोआप थांबते.

‘श्रीमंतांचे चोचले आहेत, थांबले थोडे तर काय बिघडलं?’ असं मला घरातही ऐकावं लागलं आहे. थांबल्याने काय बिघडतं ते सांगतो.

शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांच्या पैदाशीत कृत्रिम रेतन चालत नाही. गाई-म्हशींसारखी वीर्याची कांडी मागवली आणि काम झालं, असं इथे होत नाही. नैसर्गिक संयोगातून झालेल्या शिंगरालाच स्टड बुकात, म्हणजे वंशावळीच्या नोंदवहीत जागा मिळते, आणि हा नियम जगभर एकच आहे. आपल्या देशाचं स्टड बुक पुण्यातच ठेवलं जातं. नवं रक्त आणायचं तर जिताजागता घोडा नाहीतर घोडी विमानातून आणावी लागते. त्यात आपल्याकडे सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात आणि घोडी अकरा महिने गाभण असते. त्यामुळे घोडी लावण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत. वळू घोड्याचा परवाना मे महिन्यात हातात पडला तर ते वर्ष गेलं म्हणून समजा. घोडा वर्षभर दाणा-गवत खाईल, सायसाचा (घोड्याची निगा राखणाऱ्याचा) पगार चालू राहील, विम्याचा हप्ता जाईल, आणि शिंगरू एकही नाही.

गाभण घोडीचं तर विचारूच नका. इंग्लंडात न्यूमार्केटला घोड्यांचे मोठे लिलाव होतात, त्यातला घोडींचा नोव्हेंबर-डिसेंबरात. पोटात शिंगरू असलेली घोडी घेतली की एका भाड्यात दोन जनावरं येतात, म्हणून आपल्याकडचे लोक तशाच घोडीवर डोळा ठेवतात. पण तिची वेळ लवकर म्हणजे फेब्रुवारी-मार्चला भरते, आणि दिवस भरत आलेल्या घोडीला विमानात घ्यायला कुणी तयार नसतं. मधल्या काळात शिफारस, परवाना, तिकडचा विलगीकरणाचा काळ, रक्ताच्या चाचण्या, विमानातली जागा, सगळं बसवायचं. एका पार्टीची घोडी अशीच कागदांत अडकली आणि तिकडेच व्याली. शिंगरू जन्माला आलं म्हटल्यावर त्याचे वेगळे कागद आले. पार्टीने शेवटी दोघांनाही तिथेच विकून टाकलं. मालक फार काही बोलला नाही. त्याच्याकडचा जुना सायस मात्र त्यानंतर माझ्याशी धड बोलत नव्हता, जणू परवाना मीच उशिरा काढला होता!

आता कडकपणाच्या बाजूनेही लिहितो, नाहीतर वाचक म्हणतील, याला सगळं मोकळं करून हवंय. मला तसं अजिबात नको. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो, आणि घोड्यात सापडला तर जनावर मारावं लागतं, इलाज नाही. इक्वाइन इन्फेक्शस अॅनिमियावर लस नाही, औषध नाही. एकदा लागण झाली की घोडा जन्मभर रोग बाळगतो. २००८ साली जम्मूकडे, कटऱ्याला घोड्यांचा इन्फ्लुएंझा निघाला आणि पुढे इतर राज्यांत पसरला. तेव्हा विमानतळावरच्या पशुवैद्यकाने घोड्याला खाली वर, आत बाहेर तपासलंच पाहिजे.

आणि ते तपासतात. रात्री दोन-अडीचला विमान लागतं. लाकडी स्टॉलमध्ये घोडा, सोबत आलेला परदेशी सायस त्याच्या मानेवर हात ठेवून उभा. क्वारंटाइनचे डॉक्टर आधी यंत्र फिरवून मानेतल्या मायक्रोचिपचा नंबर जुळवतात, मग पासपोर्ट उघडतात. घोड्याच्या पासपोर्टात फोटोपेक्षा रेखाचित्राला मान. डाव्या बाजूने, उजव्या बाजूने, समोरून, पायांचं मागून. पांढऱ्या खुणा लाल शाईने आणि अंगावरचा केसांचा प्रत्येक भोवरा काळ्या फुलीने. सारंगखेड्याच्या यात्रेत आपले लोक देवमण (शुभ मानलेला भोवरा) कुठे, खोटा भोवरा कुठे म्हणून बघतात ना, तसंच हे बघणं, फक्त शकुनासाठी नाही. एकदा एका घोडीच्या मानेखाली डाव्या अंगाला भोवरा होता आणि चित्रात फुली नव्हती. तिकडच्या पशुवैद्यकाकडून राहून गेली असणार. डॉक्टरांनी टॉर्च मारून पुन्हा पाहिलं, केस बोटाने उलटे फिरवून पाहिलं, आणि घोडी तिथेच थांबवली. तिकडून दुरुस्तीचं पत्र येईपर्यंत उजाडलं. पार्टी वैतागली, पण मला त्या डॉक्टरांचा राग आला नाही. काम असंच करायचं असतं. त्यानंतर जनावर सरकारी देखरेखीत वेगळं ठेवतात, रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात, अहवाल निर्दोष आला की सोडतात.

रोग अडतो तो या टॉर्चपाशी, रक्ताच्या बाटलीपाशी आणि विलगीकरणाच्या फाटकापाशी. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. २००७ साली सिडनीजवळच्या ईस्टर्न क्रीक क्वारंटाइन केंद्रातून घोड्यांचा इन्फ्लुएंझा बाहेर पडला आणि न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलंडमध्ये पसरला. त्याआधी त्या देशाने हा रोग पाहिलाही नव्हता. घोडे रीतसर कागद घेऊनच आले होते. चौकशीत निघालं ते असं, की केंद्रात ये-जा करणाऱ्या माणसांनी आणि सामानाने रोग बाहेर नेला असावा, कारण अंग धुणं, कपडे बदलणं हे नियम नीट पाळले जात नव्हते. परवान्याला चार सह्या जास्त असत्या तरी तो विषाणू थांबला नसता.

मग डीजीएफटीचा परवाना कशासाठी? मूळ कारण परकीय चलन. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याच्या काळात डॉलर जपून वापरायचे होते, तेव्हा ते बरोबरच होतं. १९९२ साली नवा कायदा आला. १ एप्रिल २००१ ला उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे संख्यात्मक निर्बंधही उठले. त्याच वर्षी सरकारने एक शहाणपणाचं काम केलं. १८९८ चा पशुधन आयात कायदा दुरुस्त करून त्यात प्राणिजन्य पदार्थ आणले. तेव्हापासून चीज किंवा कुत्र्याचं खाद्य आणायचं तर पशुसंवर्धन खात्याचा सॅनिटरी इम्पोर्ट परमिट लागतो. धोका आरोग्याचा, म्हणून परवानगी आरोग्य तपासणाऱ्या खात्याची. मला हे तेव्हाच पटलं होतं. फक्त जिवंत घोडा त्या वाटेवर आणायचा राहून गेला.

माझी मागणी एवढीच आहे. पासपोर्ट, मायक्रोचिप आणि स्टड बुकात नोंद असलेला पैदाशीचा घोडा, आणि पोलो-उडीच्या खेळांचा नोंदणीकृत घोडा, यांना ‘रिस्ट्रिक्टेड’ सदरातून काढा आणि पशुसंवर्धन खात्याचा एकच परमिट ठेवा. चाचण्या एकही कमी करू नका, हव्या तर वाढवा. पण अर्ज किती दिवसांत निकाली काढणार ते लिहून द्या, आणि नाकारायचा तर कारण द्या. वाचलेली माणसं आणि पैसा मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईच्या क्वारंटाइन केंद्रांना द्या. भीमथडीसारख्या देशी जातीला मिश्र पैदाशीचा धोका वाटत असेल तर तोही याच खात्याने बघावा. डीजीएफटी ज्याच्या हाताखाली येतं त्या वाणिज्य मंत्रालयाला भीमथडी म्हणजे काय हे कोण समजावणार?

खेळाचंही बघा. हांगझो एशियाडमध्ये आपल्या ड्रेसाज (स्वाराच्या इशाऱ्यावर घोड्याने ठरलेल्या चाली करून दाखवायचा खेळ) संघाने ४१ वर्षांनी घोडेस्वारीत सुवर्ण आणलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. घोडे सगळे युरोपात ठेवलेले, स्वार तिकडे जाऊन शिकलेले, कारण इथून घोडा नेणं-आणणं म्हणजे दिव्य. जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतल्या लष्कराच्या अश्व केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त कक्ष म्हणून मान्यता दिली. त्यामुळे घोडा बाहेर नेण्याची वाट तरी थोडी उघडली आहे. आत आणण्याची तशीच आहे.

आयात धोरणातलं हे सदर बदलायला संसदेत जावं लागत नाही. डीजीएफटीची एक अधिसूचना पुरते, आणि असल्या अधिसूचना ते वर्षभर काढतच असतात. सप्टेंबरपर्यंत काढली तर डिसेंबरच्या लिलावाला जाणाऱ्यांना उपयोग होईल.

आपला,
एक निवृत्त क्लिअरिंग कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)