स्पेसवरचा अंगठा आधी उचल

प्रिय निनाद,

‘बाल्डर्स गेट ३’ या कॉम्प्युटर गेमबद्दलचा तुझा लांबलचक मेसेज वाचला. ‘माझा टर्न येतो आणि मी काही करायच्या आत निघून जातो, गेममध्ये बग आहे’ हे वाचून खरं सांगू, हसूच आलं. बग नाही रे, तुझा अंगठा अजून १९९८ सालातच आहे. बायोवेअर कंपनीच्या पहिल्या बाल्डर्स गेटमध्ये लढाई सतत चालू असायची. स्पेस दाबून वेळ गोठवायची, सहा जणांना सहा कामं नेमून द्यायची, पुन्हा स्पेस. २००९च्या ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्येही तेच, फक्त माणसं चार. लॅरियन कंपनीने २०२३ मध्ये आणलेल्या तिसऱ्या भागातली लढाई मात्र पूर्णपणे टर्न-बेस्ड आहे, म्हणजे एकेकाने आपापल्या पाळीत खेळायचं. त्यात स्पेस म्हणजे ‘माझं झालं, पुढचा येऊ दे’. तू गोंधळतोस, सवयीने वेळ थांबवायला जातोस आणि तुझ्या चौघांतल्या शॅडोहार्टचा अख्खा टर्न वाया घालवतोस. सेटिंग्जमध्ये जा आणि ‘एंड टर्न’ कुठल्या तरी लांबच्या बटणावर टाक. सवय मोडत बसण्यापेक्षा बटण हलवणं सोपं.

आता तुझी दुसरी तक्रार, की खालच्या पट्टीवर इतकी चित्रं आहेत, शिकू कुठून? माझं ऐकशील तर हल्ल्याची बटणं सगळ्यात शेवटी शिक. ती शिकायला काही लागतच नाही, शत्रूवर क्लिक केलं की झालं. आणि नेमकं तिथेच तुझं बिघडतंय. लांबून शत्रूवर क्लिक केलंस की तुझी तलवारवाली लेझेल स्वतःच वाट काढत त्याच्यापर्यंत चालत जाते. ती वाट आगीतून जाते की दुसऱ्या कुणाच्या तलवारीच्या टप्प्यातून, हे बघायचं काम तुझं. म्हणून आधी नुसतं जमिनीवर क्लिक करून तिला हवं तिथे उभी कर, मग वार. चालणं, अ‍ॅक्शन आणि बोनस अ‍ॅक्शन ही तीन वेगवेगळी खाती आहेत. बहुतेकांना एका टर्नमध्ये ९ मीटर मिळतात आणि ते तुकड्या-तुकड्यांत वापरता येतात: ४ मीटर पुढे, वार, उरलेल्यांत दुसरीकडे. हिरवा गोल म्हणजे अ‍ॅक्शन, केशरी त्रिकोण म्हणजे बोनस अ‍ॅक्शन. टर्न संपवण्याआधी तो त्रिकोण शिल्लक आहे का, एवढं बघत जा. पोशन पिणं, उडी मारणं, शत्रूला ढकलणं, सगळं त्या त्रिकोणात बसतं. कड्याच्या टोकावर उभ्या असलेल्या गॉब्लिनला, त्या बुटक्या राक्षसाला, नुसता धक्का देण्यात जी मजा आहे ना, ती कुठल्याच मंत्रात नाही!

भिडलेल्या शत्रूपासून मागे हटताना जपून. तू त्याच्या टप्प्याबाहेर पाऊल टाकलंस की त्याला फुकटचा एक वार मिळतो. ‘डिसएंगेज’ ते टाळण्यासाठीच आहे. हेच आपल्या बाजूनेही चालतं. लेझेलला दारातच उभी केलीस तर तिला ओलांडून जाणारा मार खाऊनच पुढे जाईल. रिअ‍ॅक्शनच्या, म्हणजे दुसऱ्याच्या टर्नमध्ये आपलं पात्र देतं त्या प्रत्युत्तरांच्या, यादीत एकदा जाऊन बघ. काही गोष्टी आपोआप होतात, काहींच्या आधी गेमला ‘मला विचार’ म्हणून सांगून ठेवता येतं. जादूगार गेलची ‘शील्ड’ (वार अडवणारा मंत्र) शिकलास की ती विचारूनच वापर, नाहीतर एखाद्या किरकोळ वारावर मंत्राचा स्लॉट, म्हणजे मोजकाच असलेला कोटा, खर्च व्हायचा.

तुझ्या तिरंदाज अस्टारियनचे बाण ‘मुद्दाम’ चुकतात म्हणतोस. शत्रूवर माउस नेलास की वार लागण्याचा टक्का दिसतो, तो वाचायला शीक. पहिल्या लेव्हलला त्याच्या धनुष्याला +५ आहे, म्हणजे फाशावर पडेल त्यात ५ मिळवायचे. समोरच्याचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १५ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त पडायला हवं, म्हणजे ५५ टक्के. तोच अस्टारियन उंचावर चढला की +२ मिळतात आणि ६५ होतात. खालून वर मारायला लागला की ४५. तो लपलेला असेल तर दोन फासे पडतात आणि मोठा धरला जातो, सपाट जमिनीवरही साधारण ८०. आणि गॉब्लिन त्याच्या अंगाशी येऊन भिडला असेल तर दोनातला लहान धरला जातो, ते ५५ थेट ३० वर येतात. तुझे बहुतेक बाण असेच चुकत असणार. अशा वेळी एफ दाबून हातात सुरा घे, नाहीतर डिसएंगेज करून बाजूला हो. शत्रू निवडून टी दाबलंस की त्याची सगळी कुंडली दिसते, आर्मर क्लास, कशाला घाबरतो, कशाचा त्याच्यावर परिणामच होत नाही. एक आतली गोष्टही सांगते: ‘कार्मिक डाइस’ नावाचा पर्याय मुळात चालूच असतो. तो लागोपाठ वाईट फासे पडू देत नाही, त्यामुळे दिसणारा टक्का तंतोतंत खरा नसतो. मी तो बंद करून खेळते. पण तू इतक्यात करू नकोस, शिव्या मलाच पडतील.

ज्या बटणाबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, ते माझ्या मते सगळ्यात मोलाचं. जी. ते दाबलं की चौघे एकमेकांपासून सुटे होतात. आत्ता तू पुढे चाललास की बाकीचे तिघे तुझ्यामागे येतात आणि लढाई पेटते तेव्हा चौघेही एकाच जागी घोळका करून उभे असतात. त्या उजाड गावाचंच घे, जिथे गॉब्लिन छपरांवर धनुष्यं घेऊन टपून असतात. पुढच्या वेळी गावाबाहेरच जी दाब. अस्टारियनला सी दाबून लपव आणि बाजूने आत ने. शिफ्ट धरून ठेवलंस की जमिनीवर लाल पट्टे दिसतात, तेवढ्या भागात शत्रूची नजर पोचते. ते चुकवून त्याला एखाद्या छपरावर चढव. वेळ कमी पडतोय असं वाटलं तर शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाब, लढाई नसतानाही सगळं टर्न-बेस्ड होतं. तुला हवा असलेला जुना पॉज म्हणतोस ना, त्याच्या सगळ्यात जवळचं हेच. गेलला मागे, पण उंचावर ठेव. मग एकट्या मुख्य पात्राला पुढे पाठव आणि गॉब्लिनांशी बोलणं सुरू कर. ते बोलत असताना डावीकडच्या चेहऱ्यांवर क्लिक करून बाकीच्यांना हलवता येतं, हे खूप जणांच्या लक्षातच येत नाही. तिकडे गप्पा चालू, इकडे लेझेल शिडीपाशी. नीट बोललास तर कदाचित लढावंही लागणार नाही, पण ते सोड.

लढाई सुरू झाली की स्क्रीनवर वर दिसणाऱ्या टर्नच्या क्रमाकडे नजर टाक. आपली दोन माणसं शेजारी-शेजारी आली असतील तर त्यांचे टर्न एकत्र असतात आणि त्यांच्यात हवं तितक्या वेळा अदलाबदल करता येते. गेलने जमीन निसरडी करणारं ‘ग्रीस’ टाकायचं, लगेच अस्टारियनवर जाऊन बाण मारायचा, परत गेलवर येऊन उरलेलं अंतर चालायचं. शेजारी असूनही तू एकाचं सगळं संपवून मगच दुसऱ्याकडे जात असशील, अशी मला दाट शंका आहे.

शॅडोहार्टचं एकच सांगते. तिचा ‘ब्लेस’ मंत्र तिघांवर टाक. प्रत्येक हल्ल्यात चार बाजूंचा एक जादा फासा मिळतो, म्हणजे सरासरी बारा-साडेबारा टक्के वाढतात. फक्त ब्लेस हा कॉन्सन्ट्रेशनचा मंत्र आहे. तसाच दुसरा टाकलास की पहिला गळून पडतो आणि तिला मार बसला तरी तुटू शकतो. म्हणून ती मागेच बरी. तिच्या ‘सेक्रेड फ्लेम’ या हल्ल्याच्या मंत्रावर मात्र फार विसंबू नकोस, चपळ गॉब्लिन तो सर्रास चुकवतात. मारलाच पाहिजे असा एखादा अर्धमेला उरला असेल तर गेलचं मॅजिक मिसाइल, त्याला नेम लागण्यासाठी फासा लागतच नाही.

एफ५ने सेव्ह करत जा, एफ८ने परत ये, त्यात कमीपणा नाही. डिफिकल्टी सगळ्यात सोप्या ‘एक्सप्लोरर’वर आणलीस तरी मी कुणाला सांगणार नाही. छपरांवरच्या त्या मंडळींचं काय केलंस ते सविस्तर लिही आणि अस्टारियनला नक्की कुठे उभा केला होतास त्याचा स्क्रीनशॉट पाठव.

तुझी,
मुग्धा