लगागा शिकवणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

सादर नमस्कार. हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण घरी येऊन आभार मानले तर तुम्ही "चहा घे आणि गप्प बस" म्हणाल.

सदाशिव पेठेत तुमच्या माडीवर आम्ही वृत्तं शिकायला आलो, तेव्हा वृत्त म्हणजे आमच्या लेखी शाळेच्या व्याकरणातले दोन-चार मार्क. तुम्ही गणांचा तक्ता बाजूला ठेवलात आणि मनाचे श्लोक टाळीवर म्हणायला लावलेत. लगागा लगागा लगागा लगागा; ल म्हणजे लघु अक्षर, गा म्हणजे गुरू. भुजंगप्रयात वृत्त आधी कानात बसलं, ओळीतली 12 अक्षरं आणि चार य-गण (एक लगागा म्हणजे एक य-गण) मागाहून कळले. मग म्हणालात, आता यात आजचं पुणं आणा. शशी, रजनी, समीर असल्या ठेवणीतल्या शब्दांना बंदी. ओळ भरायला लावलेली 'येउनी', 'पाहुनी' असली शेपटं तुम्ही लाल पेनने उडवायचात. शेवटी आमच्यातल्या एकीने लिहिलं, 'नदीच्या कडेने निघालीय मेट्रो'. निघालीय! रोजच्या बोलण्यातलं, आणि कुठेही न ओढता बसलेलं. तुम्ही ती ओळ दोनदा म्हटलीत. इतकं कौतुक त्यानंतर कुणाच्या वाट्याला आलेलं नाही.

रशियन संगीतकार स्त्राविन्स्कीचा 'पुल्चिनेल्ला' बॅलेही तुम्हीच ऐकवलात. 1920, पॅरिस. सुरावटी अठराव्या शतकातल्या, चाल आणि खालचा बास, म्हणजे खर्जातली साथ, बराचसा तसाच; मधले सूर आणि ताल मात्र मुद्दाम खुपणारे. नेपथ्य नि वेशभूषा चित्रकार पिकासोची. चेहऱ्यांचे तुकडे करणारा हा माणूस त्याच सुमारास पुतळ्यांसारख्या धिप्पाड बायका रंगवत होता, ती चित्रंही दाखवलीत. मोडतोड करून झाल्यावर, आपण होऊन जुन्या घाटाकडे वळता येतं, हे मला तिथे उमगलं. नाहीतर वृत्तात लिहिणं म्हणजे पगडी घालून फोटो काढणं, असंच वाटायचं. (असली पगडीवाली वृत्तबद्ध कविता आजही पुष्कळ होते.)

एक मात्र अजून पटत नाही. मुक्तछंदाला तुम्ही आळस म्हणता. अरुण कोलटकरांची मुक्तछंदातली कविता वाचून आळस कुणाला आठवेल? यावर भांडण बाकी आहे.

सध्या पृथ्वी वृत्तात अडकलोय. 'सुसंगति सदा घडो' पाठ असूनही 17 अक्षरांत माझी पीएमटी काही बसत नाही. माधव जूलियनांच्या 'छंदोरचना' या वृत्तांवरच्या ग्रंथाची तुमची प्रत त्यामुळे अजून माझ्याकडेच आहे. मनापासून आभार, आणि प्रत आणखी महिनाभर राहू द्या.

तुमचा,
शनिवारच्या वर्गातला एक